मुख्यालय अंबरनाथ

गुप्तचर संस्था जर गुप्त असते, तर तिचं नाव, स्थापना, मुख्यालय हे सगळं फुटपाथवर मिळणाऱ्या पुस्तकात कसं काय छापलेलं असतं?

हा प्रश्न मी पहिल्यांदा ताईला विचारला. ती म्हणाली, "सम्या, गप. पुढचा देश विचार." तिच्यासोबत अभ्यास करणाऱ्या पक्याला विचारला. तो म्हणाला, "हा परीक्षेत येत नाही." आमच्या कारखान्याच्या शेठला विचारला, तर त्याने मलाच विचारलं, "आज कितने पीस हुए तेरे?" एका खऱ्या पोलीस हवालदारालाही विचारून झालं. तो इकडेतिकडे बघायला लागला! आजपर्यंत मला कोणी उत्तर दिलेलं नाही. मी आठवीत शाळा सोडली, म्हणून मला असले प्रश्न पडतात. शिकलेल्यांना पडत नाहीत, ते सरळ पाठ करतात.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, सुजाता. ती गेली. डेंग्यू झाला आणि गेली. तिची चप्पल अजून दारात आहे, आई कोणाला हात लावू देत नाही. रोज संध्याकाळी तिच्या अभ्यासाच्या ग्रुपमधलं कोणी ना कोणी घरी येतं. येताना तोंड पाडून येतात, आईकडे बघून रडतात. मग चहा येतो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "काकू, ते हवालदाराचं माहितीय का तुम्हाला?" आणि झालं सुरू! एकाचं सांगून होत नाही तोवर दुसऱ्याच्या ओठावर पुढचं तयार. आमच्या घरात आता माणसांना जागा कमी आणि किस्से जास्त झालेत. म्हणून म्हटलं, लिहून टाकू. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं. तपासणारी आता नाही.

* * *

आधी हे गुप्तचर प्रकरण आमच्या घरात शिरलं कसं, ते सांगतो.

ताईला पोलीस उपनिरीक्षक व्हायचं होतं. मागच्या परीक्षेत ती एका मार्काने राहिली. एका! घरी बसून तिने सगळी उत्तरं ताडून बघितली. 'जोड्या लावा' असा एक प्रश्न होता. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला त्यांच्या गुप्तचर संस्था. तिच्या मनात आधी बरोबर जोडी होती. मग शेवटच्या मिनिटाला शंका आली, तिने जर्मनी आणि जपानची अदलाबदल केली आणि चुकीचा गोल काळा केला.

दुसरी कोणी असती तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. ताईने भाकरी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाली, "सम्या, जगात जेवढ्या गुप्तचर संस्था आहेत ना, त्यातली एकसुद्धा आता माझ्या हातून सुटणार नाही. पुढची परीक्षा माझी."

आई चुलीपुढून... म्हणजे गॅसपुढून, आई अजून चूलच म्हणते... तिथूनच ओरडली, "अगं बये, लोकांना पकडायचं काम त्यांचं असतं. तू त्यांना कुठे पकडायला निघालीस?"

* * *

मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जीन्स शिवतो. ताई दुपारी माझा डबा घेऊन यायची आणि तयार पँटच्या गठ्ठ्यावर बसायची. तिने मला परीक्षक केलं होतं. मी मशीन मारता मारता प्रश्न टाकायचो, ती उत्तर द्यायची. सगळ्या मशिनी चालू असायच्या, त्यामुळे दोघांनाही बोंबलावं लागायचं.

"इस्रायल!"

"मोसाद!"

"जर्मनी!"

"बीएनडी!"

"जपान!"

"नाइचो!"

आमचा शेठ सिंधी. मनाने मोठा, पण कान पक्के धंद्याचे. त्याने काही दिवस गुपचूप ऐकलं. मग मला कोपऱ्यात घेतलं. आवाज खाली. "साईं, ये जपान-जर्मनी का माल मेरे को बताए बगैर कब से निकल रहा है?"

मी सगळं समजावलं. शेठ बराच वेळ दाढी खाजवत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "ये मोसाद नाम एकदम बढ़िया है. पैंट के पीछे लेबल मारें क्या?"

ताई गठ्ठ्यावरून म्हणाली, "शेठ, गुप्तचर का नाम पैंट के पीछे? फिर गुप्त क्या रहा?"

म्हणजे बघा, माझाच प्रश्न! माझ्यासमोर मात्र तिने तो कधी प्रश्न म्हणून मानला नाही.

पण शेठ हरणारा नाही. म्हणाला, "तो पीछे नहीं मारेंगे. जेब के अंदर मारेंगे!"

* * *

अंबरनाथला आमच्या गल्लीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत ग्रुपचा अभ्यास चालायचा. कायमचे तिघं. ताई, पक्या आणि कोमल. पक्या आमच्याच गल्लीतला, वायरमनचं काम करतो. कोमल बारवी धरणाकडच्या पाड्यावरून बदलापूरमार्गे यायची. बाकीचे येऊन-जाऊन.

ताईचा नियम असा, की खोलीत पाऊल टाकलं की आपलं नाव बाहेर ठेवायचं. आत प्रत्येकाला एक संस्था. कोमल तोंडातून शब्द काढायची नाही आणि पेपर मात्र सगळ्यांच्या आधी सोडवून बसायची, म्हणून ती मोसाद. ताई स्वतः रॉ. पक्याला मिळाली आयएसआय. पक्या भडकला.

"मलाच पाकिस्तान का?"

"कारण तू रोज दुसऱ्याच्या डब्यात घुसखोरी करतोस," ताई म्हणाली. त्या वेळी पक्याच्या तोंडात कोमलच्या डब्यातली बोंबिलाची चटणी होती, त्यामुळे त्याला विरोध करता आला नाही.

एकदा बदलापूरला वडापावच्या गाडीवर भेटायचं ठरलं. मी आणि ताई आधी पोचलो होतो. पक्या आला, गाडीच्या टपावर हात ठेवला आणि फोनवर कोमलला मोठ्याने सांगायला लागला, "आयएसआय पोचलाय. रॉ पण आलीय, सोबत तिचा माणूस आहे. मोसादची वाट बघतोय. तू आलीस की सुरू करू. आणि आज अमेरिकेला सोडायचं नाही!"

बाजूला एक हवालदार वडापाव खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला. त्याने हातातली मिरची खाली ठेवली, पक्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "चल रे. रॉ कुठाय तुझी?"

"मी," ताई म्हणाली. "जय भीम, साहेब. उपनिरीक्षकाची तयारी करतोय."

तिने पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. हवालदाराने पानं उलटली. विश्वास बसेना. म्हणून तो तिथेच उभ्या उभ्या एकेक देश विचारायला लागला आणि ताई फाडफाड उत्तरं देत सुटली. वडापाववाल्याने तळणं थांबवलं. माणसं जमली. शेवटी हवालदाराचेच देश संपले!

त्याने पुस्तक मिटलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "ताई, माझ्या पोराला घ्या ना तुमच्यात."

"घेते की. कुठला देश देऊ?"

"कुठलाही द्या," हवालदार म्हणाला, "पण घराबाहेरचा द्या!"

* * *

पाठांतराची ताईची स्वतःची एक तऱ्हा होती. कुठलीही नवी संस्था आली की ती आधी गल्लीतल्या माणसांवर बसवून बघायची. त्यातूनच शांता मावशीचा प्रश्न तयार झाला. शांता मावशी आमच्या समोर राहते. गल्लीत कोणाकडे कोण आलं, काय आणलं, किती वेळ बसलं, हे तिला घरच्यांच्या आधी कळतं. ताईने फळ्यावर लिहिलं होतं:

संस्था : शांता मावशी.
स्थापना : लग्न होऊन गल्लीत आल्या दिवशी.
मुख्यालय : नळाचा ओटा.
कार्यक्षेत्र : आतील व बाहेरील.
ब्रीदवाक्य : मला काय करायचंय!

आता हे मावशीला कळायला किती वेळ लागणार? ती संस्थाच तशी! दुसऱ्या दिवशी मावशी विहाराचा जिना चढून वर आली. कंबरेवर हात. आम्हाला वाटलं, आज मार आहे. पक्या फळ्यासमोर आडवा उभा राहिला.

मावशीने त्याला एका हाताने बाजूला सारलं आणि सगळं वाचलं. सावकाश, अक्षर लावून. मग ताईला म्हणाली, "सुजे, एवढं सगळं लिहिलंस ते ठीक आहे. पण मला सांग, हे पुस्तकात कधी येणार?"

तो फळा नंतर महिनाभर कोणी पुसला नाही. मावशी नातेवाईक आले की त्यांना वर घेऊन यायची.

* * *

कोमलच्या वडिलांचा परीक्षेला विरोध होता. त्यांचं म्हणणं, पोरीचं लग्न करायचं, ती नोकरीबिकरी कशाला. कोमल सांगताना रडली. ताई म्हणाली, "रडू नको. रविवारी आम्ही तुझ्याकडे लावणीला येतो."

गेलो. मला शेतातलं काही येत नाही. पक्याला माझ्यापेक्षा कमी येतं. ताईने साडी खोचली आणि चिखलात उतरली. कोमलशेजारी रांगेत वाकून भाताची रोपं लावता लावता दोघींचं चाललेलं. एक रोप, एक देश. "ब्रिटन?" "एमआय सिक्स." "ऑस्ट्रेलिया?" "एएसआयएस." बांधावर कोमलचे वडील विडी ओढत ऐकत होते. लावणी त्यांनी आयुष्यभर बघितली होती, पण असली बघितली नव्हती.

शेवटी त्यांना राहवेना. "ए पोरी, या संस्था करतान तरी काय?"

ताईने कंबर सरळ केली. "काका, दुसऱ्याच्या घरात काय चाललंय, ते गुपचूप काढून आणायचं आणि आपल्या माणसांना सांगायचं."

काकांनी विडी टाकली. "आन् यासाठी परीक्षा? आमचे भावकीन सगलं तेच करतान, फुकट!"

सगळं शेत हसलं. काका स्वतःही हसले. निघताना त्यांनी ताईला तांदळाची पिशवी दिली आणि म्हणाले, "परीक्षेला हिला तू नेशील का? तू नेनार असशील तर पाठवीन."

"मी नेणार, काका," ताई म्हणाली.

ताई एकदा म्हणाली की म्हणाली.

* * *

ताईला बघायला एक मुलगा आला होता. अमोल. शांत, डोळ्यांना चष्मा, बँकेत नोकरी. कांदेपोहे झाले. त्याच्या वडिलांनी ताईला नेहमीचं सगळं विचारलं. मग मोठेपणाने म्हणाले, "तुला काही विचारायचं असेल तर विचार हो मुलाला. आम्ही मोकळ्या विचारांचे आहोत."

आईने ताईकडे डोळे वटारले. उपयोग झाला नाही.

ताई म्हणाली, "जपानची गुप्तचर संस्था कुठली?"

अमोलने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माहीत नाही," म्हणाला.

पाहुणे गेल्यावर आईने ताईला जे झापलंय! स्थळ गेलं, आता गल्लीत काय तोंड दाखवायचं, आणि समोर शांता मावशी! ताई पोह्यांच्या बशा विसळत म्हणाली, "आई, पण त्याने थाप मारली नाही ना."

आठवड्याने माझ्या मोबाईलवर फोन. अमोल! म्हणाला, "नाइचो ना?"

मी उसळलो. मी म्हटलं, "ओ भाऊ, वेळ संपली! घंटा होऊन आठवडा झाला!"

ताईने माझ्या हातातून फोन खेचला. पलीकडे गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "अर्धा मार्क देते."

नंतर महिनाभर तो उरलेला अर्धा मार्क मागायला रोज फोन करायचा. आणि माझा बॅलन्स आहे की नाही, माझी बॅटरी किती आहे, याची घरात कधी नव्हे ती चौकशी व्हायला लागली.

* * *

दवाखान्याचं मी लिहिणार नव्हतो. एकच लिहितो.

ताईला खूप ताप होता. अधूनमधून ग्लानी यायची. नर्स यायची आणि शुद्ध आहे का बघायला मोठ्याने विचारायची, "ताई, नाव सांगा तुमचं. नाव काय?"

ताईने डोळे उघडले. ओठ सुकलेले. नर्सला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "नाव गुप्त आहे. मुख्यालय अंबरनाथ."

नर्स एवढी हसली, की शेजारच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. दुसऱ्या पाळीच्या नर्सेस खास तिला बघायला आल्या. "कुठाय ती अंबरनाथ मुख्यालय?" विचारत. शेवटपर्यंत त्या वॉर्डात तिला सगळे मॅडम म्हणत होते. खांद्यावर पोलिसाचा स्टार न लावता मॅडम झाली माझी ताई!

* * *

परीक्षा त्यानंतर थोड्याच दिवसांत होती. पक्या घरी येऊन सांगून गेला, "सम्या, आम्ही बसत नाही. रॉ शिवाय कसली परीक्षा." कोमलचा फोन बंद.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी शेठच्या घरी गेलो आणि टेम्पोची चावी मागितली. शेठने कशाला म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "माल उतारने में टाइम मत लगा, ऐसे ही ले जा."

पक्या दारात बनियनवर दात घासत उभा होता. मला बघून म्हणाला, "मी सांगितलं ना, मी नाही—" मी त्याला उचलला आणि टेम्पोत टाकला. तोंडात ब्रश तसाच! त्याच्या आईने मागून आधी शर्ट फेकला, मग पेन, मग हॉल तिकीट धरून स्वतः धावत आली. तिघांच्या तिघांना सेंटर एकच आलं होतं, बदलापूरला कात्रपच्या एका शाळेत. पण मी टेम्पो आधी बारवीकडे घेतला.

मला वाटलं होतं, कोमलच्या वडिलांशी भांडावं लागणार. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती, बरीच वाईट. पाड्याच्या फाट्यावर वळलो तर काका रस्त्यावर उभे. शेजारी कोमल, वेणी घालून तयार. तिची पिशवी काकांच्या खांद्यावर.

"उशीर केलास रं," काका म्हणाले. "ती म्हनली होती ना, मी नेनार. कुनीतरी येनारच, म्हनून पहाटेपासून उभा हाय."

दोघं मागे जीन्सच्या गठ्ठ्यांवर बसले. टेम्पोच्या मागची खिडकी फुटलेली आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. बदलापूर जवळ आलं तेव्हा कोमलचा आवाज आला. "जर्मनी?"

पक्याने नाक ओढलं. "बीएनडी."

"जपान?"

कात्रप येईपर्यंत त्यांनी अर्धं जग संपवलं.

दोघांना गेटमधून आत ढकललं. घंटा व्हायला वेळ होता. गेटवर नंबरांचे कागद चिकटवले होते, त्यात ताईचाही नंबर होता. तो मला पाठ होता, तिच्या हॉल तिकिटाची प्रिंट मीच काढून आणली होती.

शाळेत असताना ताई आजारी पडली की मला तिच्या वर्गावर पाठवायची. मी लहान वर्गात, चड्डी सावरत मोठ्यांच्या वर्गाच्या दारात उभा राहायचो आणि सांगायचो, "बाई, सुजाता आज येणार नाही." सगळा वर्ग हसायचा. मी घरी येऊन चिडायचो, तर ताई पांघरुणातून म्हणायची, "न सांगता गैरहजर राहायचं नसतं, सम्या."

मी गेटवरच्या माणसाला म्हटलं, "दादा, आत सांगायचंय. माझी बहीण येणार नाही."

"मग जा की घरी," तो म्हणाला. "कोणी आलं नाही की गैरहजेरी आपोआप लागते."

"आपोआप नको," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग आत गेला आणि एका मॅडमना घेऊन आला. त्यांच्या हातात यादी होती, चष्मा कपाळावर होता.

"बोल."

मी नंबर सांगितला. त्यांनी चष्मा खाली घेतला, बोट फिरवलं. "सुजाता?"

"हो. मी तिचा भाऊ. ती येणार नाही."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बरं. मांडते मी. पण कारण लिहायला इथे जागा नसते रे."

"कारण नका लिहू, मॅडम," मी म्हटलं. "फक्त लिहा, अभ्यास पूर्ण झाला होता."

त्यांनी ते लिहीपर्यंत मी गेटची सळई सोडली नाही.